लोंढ्यापर्यंत गेलेली बस

वाचकाचे पत्र, थोडक्यात: २७ वर्षांचे एक वाचक बेळगाव-खानापूर रस्त्यावरील एका गावातून लिहितात. दिवसा ते उद्यमबागेतील एका फाउंड्रीत हिशेब पाहतात आणि संध्याकाळी हौशी नाट्यसंघात तालमी करतात. त्यांच्या १९ वर्षांच्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी धारवाडला एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, असल्याचे निदान झाले. त्याआधी आठवीपर्यंत घरचे आणि शिक्षक ‘त्याला कन्नड जमत नाही, म्हणून तो वर्गात हरवलेला असतो’ असेच समजत होते. लोकांना हा विषय कळावा म्हणून वाचकांनी एक एकांकिका लिहिली. तिचा नायक सतत पाय हलवणारा, विसरभोळा मुलगा आहे. पूर्वार्धात त्याच्या फजितीवर हशा पिकतो, मग आई त्याच्या गोळ्या फेकून देते, नवे शिक्षक त्याच्या बोटांतला तबला ओळखतात आणि शेवटी तो स्पर्धा जिंकतो. बारावीच्या पुरवणी परीक्षेच्या दिवशी भाऊ खानापूरला उतरायचे विसरून थेट लोंढ्याला पोहोचला होता, तो प्रसंगही त्यात आहे. संहिता वाचून भावाने ‘बसचं का घातलंस?’ एवढेच विचारले. त्यानंतर तो बोललेला नाही. एकांकिका स्पर्धेतला प्रयोग तीन आठवड्यांवर आला आहे. ‘मी त्याच्याच बाजूने लिहिले, लक्षणे एकूण एक तपासून घेतली, मग चुकले कुठे? एकांकिका मागे घ्यावी का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय लेखक,

बसच्या प्रसंगातील गाव, परीक्षा आणि आणखी दोन-तीन खुणा मी वरच्या सारांशात बदलल्या आहेत, हे आधी सांगते. तुमच्या हातून एक चूक झाली असे मी पुढे म्हणणार आहे आणि ते म्हणताना तीच चूक स्वतः करणे मला शोभणार नाही.

भाऊ दुखावला याचा अर्थ संहितेत काहीतरी चुकीचे असावे, असे तुम्ही धरून चालला आहात, म्हणूनच पत्रासोबत लक्षणांची यादी आणि प्रत्येकासमोर बरोबरची खूण पाठवली आहे. यादी बरोबरच आहे. डॉक्टर ज्या निकषांवर हे निदान करतात त्यांत १८ लक्षणे आहेत, नऊ अवधानाची आणि नऊ चंचलता व उतावीळपणाची. मुलांमध्ये एका गटातील निदान सहा आणि १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींमध्ये पाच लक्षणे किमान सहा महिने दिसावी लागतात, ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची असावी लागतात. मात्र ही यादी डॉक्टरांना निर्णय घेता यावा म्हणून केलेली आहे, पात्र उभे करण्यासाठी नव्हे. शिंप्याच्या वहीत मापे अचूक असतात, पण त्या वहीला कोणी माणूस म्हणत नाही. मला वाटते, तुमच्या भावाला संहितेत खोटे काही सापडले नाही. एक गोष्ट फार खरी सापडली आणि ती त्याची स्वतःची होती. त्याने विचारलेल्या दोन-तीन शब्दांच्या प्रश्नात नायकाच्या पायांविषयी किंवा तबल्याविषयी काही नाही, फक्त बसविषयी आहे, हे पुन्हा पाहा.

हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. पडद्यावर आणि रंगमंचावर हा विकार ज्या रीतीने येत गेला, तीच रीत आपण नकळत उचलतो. कॅमेऱ्याला हालचाल लागते. म्हणून तेथील एडीएचडी असलेला माणूस बहुधा आठ-नऊ वर्षांचा मुलगा असतो, तो खुर्चीवर बसू शकत नाही, बोलता बोलता खिडकीतल्या पाखराकडे वळतो, आणि प्रेक्षक हसतात. प्रत्यक्षात वय वाढते तशी अंगातली धावपळ पुष्कळांच्या बाबतीत आत शिरते आणि बाहेरून माणूस शांत दिसू लागतो. मुलींमध्ये तर अनेकदा ती बाहेर आलेलीच नसते. मागच्या बाकावर गप्प बसून दुसऱ्याच जगात असलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही आणि ती पटकथेतही येत नाही. मल्याळम अभिनेते फहाद फासिल यांनी आपल्याला वयाच्या ४१ व्या वर्षी हे निदान झाल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा ‘एवढ्या मोठ्या माणसाला कसे काय?’ असे अनेकांना वाटले. या आश्चर्यात मला पडद्यावरच्या त्या चुळबुळ्या मुलाचा मोठा वाटा दिसतो.

शिवाय या विकारात लक्ष कमी असते हे नावातूनच झालेले अर्धसत्य आहे. लक्ष असते, पण ते हवे तिथे, हवे तेव्हा लावणे आणि काढून घेणे हाताबाहेरचे असते. तुमचा भाऊ चार तास मोटारसायकल उघडून बसतो आणि चार ओळींचा अर्ज चार दिवस भरत नाही, हे तुम्हीच लिहिले आहे, आणि हे वाक्य तुमच्या संपूर्ण एकांकिकेपेक्षा मला अधिक नाट्यमय वाटले. ‘आवडीचं असलं की बरं जमतं’ हा टोमणा अशा घरांत रोज ऐकू येतो. तो टोमणा, तो ऐकणाऱ्याचा चेहरा आणि वेळेचा अंदाज सुटत जाण्याची ती रोजची घसरण एखाद्या प्रवेशात पकडणे हे पाय हलवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

आता तुमच्या कथानकाच्या घाटाविषयी. गैरसमजात अडकलेला मुलगा, बाहेरून आलेले समजूतदार शिक्षक, दडलेली कला आणि शेवटी स्पर्धेतला विजय हा घाट कुठून आला असावा, हे तुम्हालाही ठाऊक आहे. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने तो घराघरांत पोहोचवला. त्या चित्रपटाने पालकांचे फार भले केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यातील ईशानला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरे वाचण्या-लिहिण्यातील विशिष्ट अडचण. एडीएचडी हा वेगळा विकार आहे, जरी दोन्ही एकाच मुलात असू शकतात. आपल्याकडे मात्र गेली अनेक वर्षे प्रत्येक चंचल पोराला ‘तारे जमीं पर’मधला मुलगा म्हणण्याची सवय लागली आहे, आणि मग आई-वडील त्याच्यातली चित्रकला शोधत बसतात. ती सापडली नाही तर? तुमच्या नायकाला तबला येतो. तुमच्या भावाला काय येते, असे मी विचारणार नाही, कारण मान मिळवण्यासाठी त्याला काही यावे लागते हे गृहीतच मला मान्य नाही. तुमचा शेवट त्याला कदाचित असे ऐकू आला असेल की विसरभोळ्या मुलाला माफी मिळते, पण त्यासाठी त्याने बक्षीस आणावे लागते.

कौतुकाचा हा घाट नेहमीच खोटा असतो असेही नाही. पर्सी जॅक्सनच्या गोष्टींत नायकाचा एडीएचडी हा लढाईच्या वेळी कामी येणारा उपजत गुण म्हणून येतो. पुढे त्यांवर २०१० मध्ये चित्रपट आणि २०२३ मध्ये मालिका आली. लेखक रिक रायर्डन यांनी ही गोष्ट मुळात आपल्या मुलाला झोपताना सांगायला रचली होती, आणि त्या मुलाला एडीएचडी व डिस्लेक्सिया दोन्ही होते. अंथरुणावर पडलेल्या एका मुलाला बापाने दिलेला तो धीर होता. पण तीच कल्पना शेकडो प्रेक्षकांसमोर सर्वांसाठीचे विधान म्हणून मांडली की ‘ही तर दैवी देणगी’ असे ऐकून मदत मागणारा मुलगा आणखी एकटा पडतो. एकाच वाक्याचे वजन ते कोण कोणाला सांगतो यावर असे बदलते.

गोळ्यांच्या प्रसंगाविषयी मात्र मी मवाळ राहू शकत नाही. आई गोळ्या उकिरड्यावर फेकते, तिथे ‘टाळ्यांसाठी थांबा’ अशी सूचना तुम्ही कंसात लिहिली आहे. अमेरिकी दूरचित्रवाणीनेही हा विषय बराच काळ असाच हाताळला. ‘द सिम्पसन्स’च्या १९९९ मधील एका भागात औषध घेतल्यावर बार्ट आधी आदर्श विद्यार्थी होतो आणि मग आपल्यावर पाळत ठेवली जात असल्याच्या संशयाने झपाटतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’मध्ये तर दमलेली आई मुलांच्या गोळ्या स्वतःच घेऊन शाळेच्या नाटकाचे कपडे शिवत बसते. म्हणजे गोळी एकतर माणसाला बिघडवते किंवा यंत्रासारखे पळवते. प्रत्यक्षात यातील नेहमीच्या एका औषधाचा, मिथाइलफेनिडेटचा, साध्या गोळीचा परिणाम काही तासांत ओसरतो. ते विकार बरा करत नाही आणि कौशल्यही शिकवत नाही, फक्त काम हाती धरणे काहीसे सोपे करते. भूक मंदावणे, झोप लांबणे असे त्रास होऊ शकतात, म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. सगळ्यांना ते लागतेच असे नाही, पण थांबवायचे की बदलायचे हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून होतो, उकिरड्यावर होत नाही. तुमचा भाऊ रोज सकाळी ही गोळी घेतो, असे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. त्याच्या थोरल्या भावाने लिहिलेल्या नाटकात सभागृह त्याच गोळीविरुद्ध टाळ्या वाजवणार आहे. आणि तिसऱ्या रांगेत बसलेली एखादी आई, जिच्या मुलाचे औषध मागच्याच महिन्यात सुरू झाले आहे, ती त्या टाळ्या घरी घेऊन जाणार आहे.

राहिला हशा. विनोद काढून टाका, असे मी सांगणार नाही. विसरभोळ्या गोकुळावर हसत आपला रंगमंच मोठा झाला आहे, आणि गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या जिल्ह्यात नाटकवाल्याला हसू नको म्हणणे म्हणजे माशाला पाण्याबाहेर बोलावणे. पण ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण तुमच्या भावाने पहिलीत असल्यापासून किती जणांच्या तोंडून ऐकली असेल, याचा विचार करा. विनोद त्याचा असेल, त्याने सांगितलेला असेल, तर प्रेक्षक त्याच्याबरोबर हसतात. विनोद त्याला न विचारता उचललेला असेल, तर तीच ओळ पुन्हा एकदा भरसभेत ऐकवलेली म्हण होते. नायकाचे नाव बदलले आणि बस गोव्याची केली, तरी तालमीला येणाऱ्या तुमच्या गावच्या मंडळींना ती कोणाची बस हे कळायला अर्धे मिनिटही लागणार नाही.

मग कोणाचे चित्रण धड झाले आहे, असे तुम्ही विचाराल. मला दोन चित्रपट तुमच्यासमोर ठेवावेसे वाटतात. पहिला २०२२ चा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’. त्यातील लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईच्या गळ्यात कोणत्याही विकाराची पाटी लटकवलेली नाही. करतपासणीसाठी टेबलभर पसरलेल्या पावत्या, तोंडचे वाक्य अर्धवट टाकून पुढच्या कामाकडे धावणे आणि एकाच वेळी अनेक जगांत असणे यांतून ते सगळे दिसते. तिला एडीएचडी असावा या कल्पनेने माहिती जमवताना दोन दिग्दर्शकांपैकी डॅनियल क्वान यांना त्या वर्णनात स्वतःच दिसू लागले आणि पुढे त्यांना तेच निदान झाले. कदाचित म्हणूनच तो गोंधळ आतून दिसतो.

दुसरा आपला, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’. त्यात विकार वेगळा आहे, स्किझोफ्रेनिया, आणि त्याची तुलना मला तुमच्या भावाच्या स्थितीशी मुळीच करायची नाही. मी तो सुचवते आहे तो बहिणीसाठी. आजारी शेषइतकीच त्याची बहीण सीना त्या कथेत महत्त्वाची आहे: तिची माया, तिची दमछाक आणि तिच्या संसारावर पडणारा ताण. भावंडाची कथा सांगण्याचा हक्क भावंडालाही असतो, मात्र ती स्वतःच्या जागेवरून सांगावी लागते.

तुमच्या पत्रात अशी जागा आहे आणि तुम्ही ती एका वाक्यात उरकली आहे. बसच्या त्या दिवशी फोन आल्यावर फाउंड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुम्ही मोटारसायकलवर त्याला आणायला गेला होता आणि ‘परतीच्या वाटेवर आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही’. तुम्ही रागात होता का? की काय बोलावे ते सुचत नव्हते? शाळेत त्याच्या वतीने तुम्ही किती वेळा खोटे बोललात? त्याचे निदान ऐकून सुटल्यासारखे वाटले की आठवीपर्यंत त्याला ‘आळशी’ म्हटल्याची लाज वाटली? ही सामग्री तुमची आहे. तिच्यासाठी भावाचा खिसा चाचपावा लागत नाही.

आणि आणखी एक गोष्ट अशी की जी मुंबईच्या किंवा लॉस एंजेलिसच्या कोणाही लेखकाला सुचणार नाही. घरी मराठी, शाळेत सक्तीचे कन्नड, पुढे इंग्रजी, अशा तीन भाषांमध्ये वाढणाऱ्या सीमाभागातल्या मुलाचे हरवलेपण सगळ्यांनी वर्षानुवर्षे भाषेच्या खात्यावर टाकले. आपल्याकडे भाषेचा प्रश्न इतका तापलेला आहे की त्याच्या धगीत एका मुलाचा वेगळा प्रश्न कोणाला दिसलाच नाही. मराठी शिक्षक म्हणाले, कन्नडचा जाच आहे. कन्नड शिक्षक म्हणाले, शिकायची इच्छा नाही. आणि तो मुलगा मराठीच्या तासालाही खिडकीबाहेरच होता. ही एकांकिका मी तिकीट काढून पाहीन.

हे वाचणाऱ्या पालकांसाठीही येथेच थोडे थांबते. मूल फक्त कन्नडच्या तासाला हरवत असेल आणि घरी, खेळात, मराठीच्या तासाला नीट असेल, तर अडचण भाषेची किंवा शिकवण्याच्या पद्धतीची असण्याची शक्यता जास्त आहे. सगळीकडेच हरवत असेल तर तपासणी करून घ्यावी. निदान एकाच ठिकाणच्या वागण्यावरून होत नाही, म्हणून जाताना दोन वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांकडून त्यांना काय दिसते ते लिहून घ्यावे. प्रश्नावली कन्नड किंवा इंग्रजीत मिळाली आणि ती नीट कळत नसेल, तर अंदाजाने खुणा करू नयेत, वाचून दाखवायला सांगावे. आपल्या भागातून धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था जवळ पडते, आणि पहिली चौकशी फोनवर करायची असल्यास केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. एखादी मालिका पाहून ‘आमचा अगदी असाच’ म्हणणे हे चौकशीला निघण्यासाठी पुरेसे कारण आहे, निदानासाठी नाही. आणि ‘त्या सिनेमातल्यासारखा तर हा वागत नाही’ हे घरी बसण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता तुमचा निर्णय. एकांकिका आहे तशी करणे मला योग्य वाटत नाही. ती मुकाट्याने मागे घेणेही वाटत नाही, कारण मग घरात ‘तुझ्यामुळे स्पर्धा गेली’ हे न बोललेले वाक्य राहायला येईल. आधी भावाकडे जा, पण ‘परवानगी देतोस का?’ असा एकच मोठा प्रश्न घेऊन जाऊ नका. बसचा प्रसंग आणि गोळ्यांचा प्रसंग मी काढले आहेत, हे आधी सांगा, तो काहीही म्हणण्याआधी. मग उरलेल्या प्रसंगांपैकी कोणता त्याचा आहे आणि तो राहावा की नाही, हे एकेक करून विचारा. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा चालता चालता किंवा तो गाडीचे काम करत असताना विचारलेले बरे. तो पटकन ‘चालेल’ म्हणाला तर ते लगेच खरे धरू नका. उतावीळपणे होकार देऊन नंतर पस्तावणे हाही या विकाराचाच भाग असू शकतो, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा विचारा. तो ‘नाही’ म्हणाला तर कारण मागू नका. त्याला लेखनात भागीदार व्हायचे असेल तर त्याचे नाव जाहिरातीत घालावे की नाही, हेही त्यालाच ठरवू द्या. आपल्या निदानाची जाहीर वाच्यता करणे अभिनेत्याला परवडते, खानापूर तालुक्यात नोकरी शोधणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला ते परवडेलच असे नाही.

नायकाची भूमिका करणाऱ्या नटाला पाय हलवणे बंद करायला सांगा. त्याऐवजी तालमीत त्याला एकच काम द्या: आठ वाजता निघायचे आहे हे माहीत असलेला माणूस सात वाजून पन्नास मिनिटांनी एखादी छोटीशी गोष्ट हातात घेतो आणि मग घड्याळाकडे पाहतो. तेवढे जमले तर बाकीचे संवाद निम्म्याने कमी करता येतील, असा माझा परीक्षक म्हणून अनेक स्नेहसंमेलने सोसलेला अंदाज आहे.

तीन आठवड्यांत नवा शेवट बसवणे जड आहे, पण अशक्य नाही. परतीच्या वाटेवरची मोटारसायकल रंगमंचावर दोन खुर्च्यांत होते. ती वाट तुमचीही आहे, तरी मागच्या खुर्चीवर बसणाऱ्याला विचारल्याशिवाय तीही लिहू नका. त्याने नकार दिला तर दोन भाऊ आणि कन्नडचा तास एवढ्यावर प्रवेश उभा राहतो. संहिता बदलायला मुदत आहे का, हे संयोजकांना या आठवड्यातच विचारा. ती उलटून गेली असेल, तर यंदाचा अर्ज मागे घेऊन पुढच्या वर्षासाठी लिहा, आणि भावाला त्याचे कारण ‘मुदत संपली’ एवढेच सांगा, कारण तेवढेच खरे असेल.